आच

भाऊबीजेच्या दिवशी पुरुषाने स्वयंपाक करू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. तसं असतं तर मी ते आनंदाने पाळलं असतं. पण गेल्या दिवाळीत आमची मंडळी मुलीला घेऊन सकाळीच आपल्या भावाकडे गेली, आणि माझी ताई मुलांसह रात्री आमच्याकडे जेवायला यायची होती. "सगळं बाहेरून मागव हं," असं बायको जाताना दोनदा बजावून गेली होती. दुसऱ्यांदा बजावलं नसतं तर मी कदाचित मागवलंही असतं. मराठीच्या प्राध्यापकाला आपल्याला पुस्तकाबाहेरचंही काही येतं हे सिद्ध करण्याची अधूनमधून हुक्की येते, त्यातलाच तो प्रकार.

बेत साधा होता. कुकरमध्ये वरण-भात, चीज घालून भाजलेल्या भाज्यांचं ते 'बेक', आणि ताईला लहानपणापासून प्रिय असलेली नानकटाई. अडचण एवढीच की, बेकच्या कृतीत २०० अंश लिहिले होते, नानकटाईच्या कृतीत १६०, आणि घरात ओव्हन एक. मी परीक्षेचं करतात तसं वेळापत्रक केलं. आधी बेक, मग नानकटाई. जेवताना बेक आधी वाढायचं आणि नानकटाई शेवटी. तेव्हा ज्याचा पेपर आधी, त्याची तयारी आधी!

आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसून हे पाहत होती. २०२२ साली वडील गेले. त्यानंतर चिपळूणकडचं घर बंद करून मी तिला पुण्याला आणलं. तिथे ती पहाटे उठून रात्रीपर्यंत कामात असे. इथे आम्ही तिला कशाला हात लावू दिला नाही. "आई, तू आता आराम कर," हे वाक्य आम्ही नवराबायको इतक्या प्रेमाने म्हणत होतो की, त्याला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. सुरुवातीला ती भाजी तरी निवडायची. मग आम्ही निवडलेलीच भाजी आणायला लागलो.

बेक छान झालं. ते बाहेर काढून मी बटण २०० वरून १६० वर आणलं आणि लगेच नानकटाईचा ट्रे आत सरकवला. बटण फिरलं की आच उतरली, अशी माझी समजूत. बाराव्या मिनिटाला वास आला. नानकटाया पसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. खालून काळ्या, मधे कच्च्या.

"दार उघडं टाकून पेटी निववायची होतीस ना," आई म्हणाली. ओव्हनला ती पेटी म्हणते. "भट्टी आठवत नाही का रे तुला?"

आठवत कशी नाही! दिवाळीच्या आधी आई मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोड्याची पूड एकत्र मळून डबा भरून द्यायची. तो घेऊन मी आणि ताई बेकरीत जायचो. तिथल्या पत्र्याच्या ट्रेंवर आम्हीच गोळे थापायचो; माझे ओबडधोबड, ताईचे बेताचे. पण बेकरीवाला ट्रे लगेच आत घालत नसे. लाकडं जाळून विटा तापलेल्या असत, त्या पहिल्या कडक आचेत पाव जायचा. भट्टी जराशी निवली की आमची नानकटाई आणि बिस्किटं, आणि अगदी शेवटी उरलेल्या धगीत टोस्ट वाळत पडायचे. एकदा तापवलेली भट्टी दिवसभर उतरत जायची आणि तो माणूस तिच्या पाठोपाठ एकेक पदार्थ घालत जायचा. आम्हाला दुपारभर ताटकळावं लागे. त्याला घड्याळ बघताना मी कधी पाहिलं नाही.

घरच्या चुलीची तऱ्हा निराळी. तिथे विस्तव एकच, पण एकाच वेळी चार आचा. चुलीच्या तोंडावर तव्यात भाकरी. तव्यावरून उतरली की पुढे ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी राहून फुगायची. शेजारी वैलावर, म्हणजे चुलीतली धग जिकडे आतून वळते तिथे, आमटी मंद शिजत असे. दूध कडेला. फुफाट्यात रताळी. आणि तवशाचं धोंडस करायचं झालं की पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. ओव्हन याहून वेगळं काय करतो? लाकूड आत सारलं की आच चढली, बाहेर ओढलं की उतरली. बाकी सगळं भांडं कुठे ठेवायचं यावर.

मी वर्गात शब्दांच्या छटा शिकवतो. आच, धग, झळ, शेक, ऊब, चटका. इतकी वर्षं हे शब्द मी फळ्यावर लिहीत आलो. नानकटाईला धग सोसत नाही, तिला शेक लागतो, हे मात्र मला त्या संध्याकाळी कळलं.

आई उठून ओव्हनपाशी आली. "भट्टी निवत जाते, म्हणून तिच्यात कडक आचेचं आधी. ही पेटी चढते झटकन आणि उतरायला वेळ लावते. मग मवाळ आचेचं आधी नको का? आणि नानकटाई काय गरम खायची आहे?"

वेळापत्रकाचा कागद मी खिशात घातला.

निम्मं पीठ शिल्लक होतं. तिने दार उघडं ठेवायला लावलं. थोड्या वेळाने दारासमोर तळवा धरला. "अजून तापट आहे." पुन्हा धरला. "आता घाल." बटणाला मात्र तिने हात लावला नाही, ती सांगे आणि मी फिरवी. वीस मिनिटांनी निघालेल्या नानकटाया फिकट, वर बारीक भेगा पडलेल्या, अगदी भट्टीतल्यासारख्या होत्या. गार झालेल्या बेकचं काय, असं मी घाबरत विचारलं. "भाज्या शिजल्यात ना? मग नुसतं वरून शेकायचं. पानं घेतलीस की घाल." ओव्हनची वरची कांडी तेवढी चालू करता येते हे मला ठाऊक होतं. का करायची, हे तिला.

ताई आली, ओवाळून झालं. बेक आत गेलं, बुडबुडत बाहेर आलं आणि मुलांनी संपवलं. मी ओव्हन बंद करायला उठलो तर आई म्हणाली, "राहू दे जरा." टोपलीतून तिने चार बारकी रताळी काढून मला आत ठेवायला लावली.

जेवणं होऊन गप्पा रंगल्या, तोवर घरभर त्यांचा वास सुटला. ताईने एक फोडलं, हात भाजले, फुंकर घातली.

"चुलीतल्यासारखी नाही लागत गं आई."

"कशी लागतील? राख कुठे आहे यात?" आई म्हणाली. मग दुसरं रताळं माझ्या हातात देत ओव्हनकडे बघून हळूच म्हणाली, "ते बटण कसं फिरवायचं, ते उद्या मला एकदा दाखव."