दोन तासांचा पाहुणा

आमच्या हिवरा आश्रमला एका दिवसाच्या पाहुण्यांचे अप्रूप नाही. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला लाखांनी माणूस येतो, पंगतीला बसून पुरी-भाजीचा महाप्रसाद घेतो आणि आपापल्या गावाला लागतो. पण स्वतःच्याच पोराला दोन तास भेटायला परमुलखात जावे लागेल, असे कधी मनात आले नव्हते.

धाकटा प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. तो गेला तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी धड बोललो नव्हतो. बाप गावोगाव कास्तकारांना शेती सांगत फिरतो आणि पोरगा समुद्रावर कांदे चिरतो, हे मला पचेना. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "बाबा, जहाज गोव्याला मुरगाव बंदरात लागतंय. मला दुपारी दोन ते चार सुट्टी आहे. आईला घेऊन या."

दोन रात्री एसटीत काढून आम्ही सकाळीच वास्कोला पोचलो. बंदराच्या फाटकाच्या आत आम्हाला प्रवेश नव्हता. उतारूंच्या गाड्या मात्र एकामागून एक बाहेर पडत होत्या. जुन्या गोव्याचे चर्च, मंगेशीचे देऊळ, फोंड्याकडची मसाल्याची बाग, असा त्यांचा एका दिवसाचा बेत असतो. मसाल्याची बाग म्हटल्यावर माझ्यातला कृषीवाला जागा झाला. मंडळी म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी इथून हलत नाही." भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचे गाठोडे मांडीवर घेऊन त्या सावलीला बसल्या.

फोंड्याच्या त्या बागेत गेलो आणि वेळेचे भान राहिले नाही. गोव्यात अशा बागायतीला कुळागर म्हणतात. उंच सुपारी, तिच्या अंगावर चढलेली मिरी, मधे जायफळ, खाली केळी आणि अननस. एकाच जमिनीत तीन-चार मजल्यांची शेती! गवती चहा देऊन पाहुण्यांचे स्वागत झाले. मग बागेतला पोरगा सांगू लागला. काळी, पांढरी, हिरवी मिरी एकाच वेलीची, फक्त तोडणी आणि प्रक्रिया वेगळी. जायफळ आणि जायपत्री एकाच फळातली. व्हॅनिलाचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. तेवढ्या वेळात माणसाने काडीने परागीकरण केले तरच शेंग धरते, कारण ते काम करणारी मेक्सिकोतली माशी इकडे नाही. ही हातची रीत 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. मी बी. एस्सी. झालो, पण हे मला माहीत नव्हते. माझ्या प्रात्यक्षिकाला माणसे जांभया देतात. इथे साहेबलोक पैसे मोजून ऐकत होते आणि निघताना मिरीच्या पुड्या विकत घेत होते.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, आयर्लंडच्या कॉर्कचे. आयर्लंड म्हटल्यावर मला भगिनी निवेदिता आठवल्या. नाव काढताच त्यांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हते. वडिलांच्या गाई होत्या म्हणाले. कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरातही अशीच जहाजे लागतात. टायटॅनिकचा शेवटचा थांबा तोच, 11 एप्रिल 1912 चा. तिथले पाहुणे ब्लार्नीचा किल्ला बघतात आणि लोण्याचे संग्रहालयही. कॉर्कला 1770 पासून 1924 पर्यंत लोण्याचा मोठा बाजार होता. प्रत्येक पिंप तपासून प्रत ठरायची, मग ते जहाजाने परदेशी जायचे. "आमच्याकडे लोक तीन तास लोणी बघतात, आणि इथे मी तीन तास मिरी बघतोय," असे म्हणून ते हसले. मी घड्याळ पाहिले. दीड वाजून गेला होता.

बस वेळेवर मिळाली नाही. फाटकाशी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. माझ्या हौसेने पाऊण तास गेला, तो मीच घालवला होता. मंडळी काही बोलल्या नाहीत. पोरगा भाकरीला ठेचा लावून खात होता. अंगाने रोड झाला होता, हातावर भाजल्याचे डाग होते. मला पाहून उठला, पाया पडला आणि आधी विचारले, "विहिरीला पाणी किती आहे, बाबा?"

मग त्याने सांगितले. जहाजावर रोज हजारो माणसांचे जेवण होते, पण तो कुठल्याच गावात उतरत नाही. गावे त्याला खिडकीतून दिसतात. करार संपल्यावर परत यायचे म्हणतो. "लोणारला माणसं येतातच की. आपल्या शिवारात त्यांना जेवायला घालता येईल का?" मी म्हणालो, आधी पाण्याचा हिशेब करू. एरवी सरळ नाही म्हटले असते.

चारला दहा कमी असताना तो उठला. आईने उरलेल्या दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. आत नेऊ देतील की नाही, त्याला खात्री नव्हती. त्याने त्या शर्टाच्या आत ठेवल्या आणि फाटकातून आत गेला. माझ्या खिशात त्याच्यासाठी घेतलेली मिरीची पुडी तशीच राहिली.