‘अप’, ‘ऑफ’ आणि आपलं ‘टाकणं’

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये सहसा कुणी काही ‘पोस्टपोन’ करत नाही. मीटिंग ‘पुट ऑफ’ होते, घराचा ठरलेला व्यवहार ऐन वेळी ‘फॉल थ्रू’ होतो आणि हेडिंग्लीवरचा क्रिकेटचा सामना ‘रेन्ड ऑफ’ होतो. शेजाऱ्याच्या गोंगाटाला कुणी ‘टॉलरेट’ करत नाही, ‘पुट अप विथ’ करतं. तुमची तक्रार कुणीतरी ‘लुक इन्टू’ करणार असतं आणि मग तुमच्याकडे ‘गेट बॅक’ करणार असतं. ते करेलच असं नाही, पण शब्द ठरलेले आहेत. मराठवाड्यातल्या गेवराईत पाचवीपासून पाठ केलेले आपले जाडजूड शब्द इथे चूक ठरत नाहीत. समोरच्याला कळतात, तो मानही डोलावतो. फक्त कुणी स्वयंपाकघरात उभं राहून तहसीलदाराला अर्ज वाचून दाखवावा, तसं त्याला वाटत असावं.

हे शब्द आपल्याकडे आले ते कागदावरून. मराठवाड्यात तर तेही उशिरा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत गेवराई निजामाच्या राज्यात होती. कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळे. आजोबांच्या पिढीत ‘शिकलेला’ म्हणजे उर्दू वाचणारा. पुढे इंग्रजी आली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, रजेचा अर्ज आणि गाईवरचा निबंध घेऊन. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली २००० साली. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी आणि दहावीत थेट परीक्षा. त्या इंग्रजीत कुणी दूध आणत नव्हतं, कुणी कुणावर रुसत नव्हतं. सगळे फक्त विनंती करत होते.

इंग्रजांच्या घरातही कागदी आणि घरगुती शब्दांचे असे दोन मजले आहेतच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्यायालय, कायदा यांत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची भर पडली. चूल, शेत आणि बाजार जुन्या शब्दांवरच चालत राहिले. त्या जुन्या शब्दांत डेन लोकांचाही वाटा आहे. त्यांनी ८६६ साली यॉर्क घेतलं, आणि यॉर्क लीड्सपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. ‘टेक’ आणि ‘गेट’ ही दोन्ही क्रियापदं त्यांच्याच भाषेतून इंग्रजीत शिरलेली. ती काढून घेतली तर इथल्या माणसाला सकाळी उठता येणार नाही, बस पकडता येणार नाही आणि बूटही काढता येणार नाहीत. लीड्सच्या भर बाजारातले ब्रिगेट आणि कर्कगेट हे रस्तेसुद्धा त्याच भाषेची खूण सांगतात.

क्रियापदाला शेपूट लावून अर्थ फिरवायची ही सवय परक्यांना सगळ्यांत जड जाते, हे सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलंय. आपल्याला खरं तर ती इतकी जड जायला नको. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार कसे होतात, हे संस्कृतच्या तासाला आपण घोकलेलं असतं. आपल्याकडे उपसर्ग पुढे बसतो, इंग्रजीत मागे. ‘पुट’ला ‘ऑफ’ लागलं की काम लांबतं, ‘आउट’ लागलं की आग विझते, ‘डाउन’ लागलं की चारचौघांत माणसाचा पाणउतारा होतो.

मराठीचा घरगुती नमुना तर याहून जवळचा आहे. ‘सांगून टाक’ म्हणजे एकदाचा मोकळा हो. ‘सांगून ठेव’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल. ‘सांगून बघ’ म्हणजे ऐकेल न ऐकेल, त्याची मर्जी. आणि ‘सांगून बसला’ म्हणजे बोलायला नको तिथे बोलला. यात कुणी काही फेकत नाही, आणि सांगून बसणारा माणूस चांगला उभा असू शकतो. शाळेत याला संयुक्त क्रियापद म्हणत आणि पुढच्या धड्याकडे वळत. इथल्या पबमध्ये बंद व्हायची वेळ झाली की काउंटरमागून ‘ड्रिंक अप’ अशी हाक येते. त्यातल्या ‘अप’चा वरच्या दिशेशी काही संबंध नाही. ते आपलं ‘पिऊन टाका’ आहे. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांचीही तीच गत.

जोडी फोडून मध्ये काही घालायची सोयसुद्धा दोन्हीकडे आहे. आपण ‘सांगूनच टाक’, ‘करून तर बघ’ म्हणतो. इंग्रज ‘पिक अप द किड्स’ म्हणेल किंवा ‘पिक द किड्स अप’, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: ‘पिक देम अप’. फरकही आहे. आपलं दुसरं क्रियापद बहुधा बोलणाऱ्याचा भाव सांगतं. इंग्रजीचं शेपूट कधीकधी मूळ अर्थच पळवून नेतं. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, पण ‘गिव्ह अप’ करणारा कुणाला काहीच देत नाही, तो हात टेकतो.

गंमत म्हणजे ही जोडशब्दांची फौज गेवराईत कधीच येऊन पोचली आहे, फक्त वेश बदलून. तिथे ‘पिकअप’ ही कापूस नाहीतर भाजी भरून नेणारी गाडी आहे. दवाखान्यात ‘चेकअप’ असतं, तालमीऐवजी आता ‘वर्कआउट’ असतं, आणि ‘रन आउट’ तर पोरासोरांना क्रिकेटनं शिकवलंय. आपण त्यांना नामं बनवलं आणि मागे आपलं ‘करणं’ किंवा ‘होणं’ जोडलं. म्हणून लीड्सला नव्यानं आलेल्या माणसाला ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ ऐकताना फ्रिजसमोर कोण धावबाद झालं, असा क्षणभर प्रश्न पडू शकतो.

इथे वाढणाऱ्या मराठी मुलांचं मात्र उलटं आहे. ‘अप’ आणि ‘ऑफ’ त्यांच्या जिभेवर आपसूक बसतात. त्यांच्या मराठीतून गळतं ते दुसरं क्रियापद. ‘मी ग्लास फोडला,’ मुलगा फोनवर आजीला सांगतो. वाक्य शुद्ध आहे, पण आजीला ते वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं कोरडं लागतं. तिच्या तोंडी येतं, ‘काय करून ठेवलंस रे हे?’ त्या ‘ठेवलंस’मध्ये राग आहे, काळजी आहे, आणि काच पायात जाईल ही भीतीही आहे. मुलगा उत्तर देतो, ‘काही नाही ठेवलं, झाडलं.’ आम्ही ऑफिसात जसं बिनचूक पण सपाट इंग्रजी बोलतो, तसंच मराठी आमची मुलं घरात बोलतात. शब्द दोघांकडे भरपूर आहेत. ज्या बारक्या शब्दांत माणसाचा सूर असतो, ते दोघांकडून निसटतात.

हा सूर तक्त्यावरून येत नाही. गेवराई-माजलगावकडून शिकायला येणारी पोरं मोबाइलमध्ये शेकडो फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे या शेपूटवाल्या क्रियापदांची, यादी घेऊन उतरतात. यादी पाठ होते, पण ‘काम डाउन’ (शांत हो) कुणाला म्हणावं आणि कुणाला चुकूनही म्हणू नये, हे यादीत नसतं. ते बसच्या रांगेत, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी, चहाच्या सुट्टीत कळतं, कारण तिथे माणसं रागावतात, टाळतात, समजूत घालतात. मुलांच्या मराठीचंही तसंच. भिंतीवर फळांची आणि रंगांची नावं लावून हा सूर येणार नाही. लाड मराठीत करा, भांडण मराठीत करा, आणि मुलानं पुन्हा ग्लास फोडून ठेवला तर रागवायचंही मराठीतूनच. इंग्रजीतून रागावण्याचं काम त्याची शाळा करून टाकेल.