अंगठा लागंना

भूम, 12 सप्टेंबर 2025, शुक्रवार

सकाळपासून अकरा जणांचे अंगठे घेतले. तिघांचे लागले नाहीत. तिसरी पाथरूडकडची एक मावशी, आधारवरून हजार रुपये काढायला आलेली. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग शेजारची बोटं. यंत्राचा लाल दिवा दर वेळी लागतो आणि स्क्रीनवर तेच: पुन्हा प्रयत्न करा. ओल्या फडक्यानं बोट पुसलं. केसांवरून फिरवायला सांगितलं, म्हणजे थोडं तेल लागतं. हे उपाय कोणत्याही माहितीपत्रकात नसतात, पण माझ्यासारखं सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात.

शेवटी तिचा हात दाराच्या उजेडात धरून बघितला. अंगठ्याचं टोक ओढ्यातल्या गोट्यासारखं गुळगुळीत. एकच रेघ दिसली, ती भाजल्याची. तीस वर्षं खव्याच्या भट्टीवर आहे म्हणाली. पाच लिटर दुधाचा किलोभर खवा करायचा तर हात थांबून चालत नाही. थांबला की कढईनं तळ धरलाच.

करंगळी लागली. "हिला कामाला लावलं नव्हतं म्हणून," मावशी म्हणाली आणि स्वतःच हसली.

आधारचा पहिला नंबर आपल्याच राज्यात दिला गेला, नंदुरबारच्या टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 रोजी. येत्या 29 तारखेला पंधरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत फोनचे कॅमेरे कुठल्या कुठं गेले. बोटं झिजतात, हे मात्र यंत्राला अजून दरवेळी नव्यानंच कळतं.

तरी खरं तेही लिहून ठेवतो. याच हजार रुपयांसाठी पूर्वी मावशीचा अख्खा दिवस जायचा. स्लिप भरून द्या म्हणून बँकेत कुणाकुणाची मनधरणी करायची. आज वीस मिनिटांत मोकळी झाली. शिवाय माझं घर याच लाल दिव्यावर चालतं.

20 सप्टेंबर, शनिवार

लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झालीय, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आजची गंमत म्हणजे ओटीपी चाकणला गेला. बाईच्या आधारला नंबर पोराचा, पोरगं चाकणला कंपनीत, आणि शिफ्टला आत फोन नेऊ देत नाहीत. ओटीपी दहा मिनिटं जिवंत राहतो. पोराची जेवणाची सुट्टी दीडला. बाई बाकावर डबा उघडून बसली. एक अठ्ठावीसला मी बटण दाबायला तयार, ती फोन कानाला लावून तयार. पहिल्या झटक्यात जमलं. पोरानं आकडे सांगितले, आईनं मात्र आधी विचारलं, "जेवलास का?" त्यात एक मिनिट गेलं.

नंबर बदलून स्वतःचा लावा म्हटलं, तर म्हणते, त्यानिमित्तानं फोन तरी करतो.

23 सप्टेंबर, मंगळवार

लाईट नाही. टॉवर बंद. परंड्याकडं पुरातून माणसं काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आलंय. आयुष्यात एवढा पाऊस बघितला नव्हता.

समोरच्या चहावाल्याची, फोनवरून पैसे आले की बोलून सांगणारी पेटी दोन दिवस मुकी आहे. तो वहीत लिहितोय, आणि ती पेटी ज्या सुरात बोलते त्याच सुरात ओरडतोय: "दहा रुपये प्राप्त झाले!" गावात 'प्राप्त' हा शब्द ती पेटी सोडून कुणाच्याच तोंडात नाही.

26 सप्टेंबर, शुक्रवार

परंड्याकडचं एक पोरगं भिजलेला फोन घेऊन आलं. पंचनाम्यासाठी काढलेले शेताचे फोटो त्यात होते. इंटरनेटवर म्हणतात तांदळात ठेवा. "रेशनचा तांदूळ वाहून गेला ओ, ज्वारी माळवदावर होती, तिच्यात ठेवला." फोन सुरू झाला नाही, चार्जिंगच्या भोकातून ज्वारीचा दाणा तेवढा निघाला. सुई घेऊन मीच काढला.

9 ऑक्टोबर, गुरुवार

कळंबकडून दाजी आले. मांजराकाठचं त्यांचं दीड एकर गेलं. पीक तर गेलंच, मातीही गेली, खाली खडक उघडा पडलाय. तलाठ्याकडं द्यायला अर्ज हवा होता. म्हटलं, फोनमध्ये बोला, एआय लिहून देतो. दाजी शेजारच्या बांधावर हाक मारावी तसे फोनमध्ये ओरडले, "माझं वावर खरडून गेलंय!" फोननं उमटवलं, 'माझं आवर करडून गेलंय'. एआयनं तेवढ्यावरून झकास अर्ज केला. "महोदय, अतिवृष्टीमुळे माझ्या पिकांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान होऊन उपजीविकेवर विपरीत परिणाम झाला आहे." एकही शुद्धलेखनाची चूक नाही. माझ्यापेक्षा बरं मराठी, खरं सांगतो.

वाचून दाखवला. दाजी गप्प. मग म्हणाले, "माती गेली ते कुठं हाय ह्यात?"

नव्हतंच. आणि ही काही भाषेची हौस नव्हे. परवा 7 तारखेला सरकारनं जाहीर केलेल्या मदतीत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 18,500 रुपये आहेत, खरडून गेलेल्या जमिनीला 47,000 रोख आणि वर मनरेगातून तीन लाखांपर्यंतचं काम. 'खरडून' हा शब्द सरकारच्या कागदातही आहे आणि दाजींच्या तोंडातही. मधल्या हुशार माणसाला तेवढा अडाणी वाटला असावा. मी तो पेनानं वर लिहिला, गट नंबर टाकला, दाजींची सही घेतली.

एआयला शिव्या घालायच्या नाहीत. गेल्या महिन्यात याच एआयनं इंग्रजीतलं विम्याचं पत्र मला समजावून सांगितलं होतं. आमच्या बोलण्याची तेवढी त्याला इस्त्री करावीशी वाटते.

19 डिसेंबर, शुक्रवार, येळवस

दाजींच्या शेतावर निघायच्या आधी गंमत म्हणून एआयला विचारलं, येळवस म्हणजे काय? त्यानं जेजुरी, खंडोबा, भंडारा असं भरभरून सांगितलं. येळकोटाशी घोळ घातला होता. 'वेळ अमावस्या' असं नीट लिहिल्यावर बरोबर उत्तर आलं. भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, त्याला आंबील पाजायला पाहिजे."

दाजींच्या माळावरच्या तुकड्यात कडब्याची कोप केली होती. आत पांडव मांडलेले. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. नदीकाठच्या वावरात दरवर्षी कोप असायची. यंदा तिथं नुसते दगड दिसतात, वरून. ताई तिकडं पाठ करूनच बसली होती.

जेवण झाल्यावर दाजी जवळ सरकले. "पैसे पडले का बघा की जरा."

फोन काढला, वर धरला, बांधावर चढून बघितलं. रेंज नव्हती.

"मग राहू द्या," म्हणत त्यांनी आंबिलीचा तांब्या पुढं केला.