मालेगावचा शुक्रवार

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. मोसम नदीच्या पूर्वेकडील गल्ल्यांतला खडखडाट थांबतो, आणि एरवी दबलेले आवाज ऐकू येतात. त्यातलाच एक सायकलच्या चाकाची टिक-टिक. जुमाच्या नमाजआधी ओट्यापाशी सायकल उलटी ठेवून चाकाचा आउट काढणारे बापलेक इथे नेहमी दिसतात. मागावर जाणाऱ्याचे चाक वाटेत बसले की पाळी चुकते, मजुरी बुडते. म्हणून हे काम पोरांनाही येते.

खडू चिमट्याला टेकवून रिमजवळ धरायचा आणि चाक फिरवायचे. खूण उमटली, तिथे रिम त्या बाजूला झुकली आहे. समोरच्या बाजूच्या तारा पाव फेरा कसायच्या, खुणेकडच्या तेवढ्याच सैल करायच्या. टायरकडून पाहिले तर निपल उजवीकडे फिरवल्यावर तार ताणते. घाई केली की चाक आणखी बिघडते, आणि पोरे घाई करतातच!

आवाजासाठी तारा दोन-दोन चिमटीत दाबून पाहाव्यात. सैल तार लगेच कळते. तारा एकमेकींवरून जातात तिथे तेलाचा थेंब पुरतो, पण रिमला लागलेले तेल पुसून घ्यावे, नाहीतर ब्रेक लागणार नाही. दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीत ‘टण’ वाजले तर पीळ बसलेली तार सुटते आहे एवढेच. पुन्हा खडू धरून पाहावा.