द्राक्षबागेतला दाखला

गरुडाची ती गोष्ट आता बहुतेक मंडळ्यांत पोचली आहे. चाळिशीला आलेला गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून स्वतःची चोच मोडतो, नखं उपटतो, जुनी पिसं ओरबाडून काढतो आणि काही महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. मोबाइलवरून ती उपदेशकाकडे येते, उपदेशकाकडून व्यासपीठावर जाते. शेवटी तिला स्तोत्र 103 जोडलं जातं, कारण तिथे गरुडासारखं तारुण्य नवं होण्याचा उल्लेख आहे. ऐकणारे भारावून घरी जातात.

असा गरुड मात्र जगात कुठेच नाही. चोच मोडलेल्या शिकारी पक्ष्याला मांस फाडता येत नाही; तो उपाशी मरतो. गरुडाची पिसं गळतात हे खरं, पण ती थोडी थोडी, आलटून-पालटून गळतात. त्यामुळे त्याचं उडणं आणि शिकार करणं थांबत नाही.

सृष्टीतून रोजच्या जगण्यासाठी ख्रिस्ती बोध काढणं ही फार जुनी कारागिरी आहे आणि तिच्यात घसरण्याची जागाही तितकीच जुनी. ख्रिस्ताब्दाच्या पहिल्या काही शतकांत ‘फिझिओलॉगस’ नावाचा ग्रंथ ग्रीक भाषेत तयार झाला. प्राणी, पक्षी, दगड यांची वर्णनं आणि प्रत्येकाखाली ख्रिस्ती बोध, अशी त्याची रचना. आपली छाती फोडून पिलांना रक्ताने जगवणारा पेलिकन त्यातूनच युरोपभर गेला आणि चर्चच्या वेद्यांवर कोरला गेला, खिडक्यांच्या रंगीत काचांवर चितारला गेला. ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह म्हणून तो आजही मनाला भिडतो. पण खरा पेलिकन तसं काही करत नाही. चिन्ह वेगळं आणि साक्ष वेगळी. ‘बघा, सृष्टी काय सांगते आहे’ असं म्हणून बोलायला उभं राहायचं, तर सृष्टीने ते सांगितलेलं असायला हवं. सत्याची साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस खोट्या गरुडाचा आधार घेऊ शकत नाही.

नवं होण्याची गोष्टच सांगायची असेल, तर उपदेशकाने कोकणात उतरावं. तिथल्या उंच झाडांच्या ढोलीत महाधनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी स्वतःला कोंडून घेते. विष्ठा आणि फळांचा चोथा लिंपून ती ढोलीचं तोंड बुजवते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पुढचे काही महिने नर वड-उंबराची फळं गिळून आणतो आणि एकेक फळ घशातून वर काढून त्या फटीतून तिला भरवतो. याच काळात आत तिची उडायची पिसं गळतात आणि नवी येतात. ती येईपर्यंत तिला उडताच येत नाही. नराच्या येण्या-जाण्यावर तिचं आणि पिलाचं पोट असतं. एका गोष्टीत पक्षी स्वतःला ठोकून-आपटून नवा होतो, दुसरीत अंधारात बसून, दुसऱ्याच्या इमानावर विसंबून. कृपेवर विश्वास ठेवणाऱ्याला जवळची कोणती वाटेल हे सांगायला नको. आणि ही दुसरी खरी आहे.

जॉन स्टॉट हे इंग्लंडमधले नावाजलेले उपदेशक आणि आयुष्यभराचे पक्षीनिरीक्षक. ‘आकाशातली पाखरं पाहा’ हा डोंगरावरच्या प्रवचनातला सल्ला त्यांनी शब्दशः घेतला. त्यांचं ‘द बर्ड्स अवर टीचर्स’ हे पुस्तक 1999 साली आलं. त्यातले धडे दुर्बीण घेऊन तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसाचे आहेत, छायाचित्रंही त्यांनी स्वतः काढलेली.

महाराष्ट्रात ही कारागिरी शिकायला सगळ्यात चांगली जागा बहुधा नाशिकची द्राक्षबाग. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशू स्वतःला वेल म्हणतो, पित्याला बागवान म्हणतो आणि फळ देणाऱ्या फांदीला अधिक फळ यावं म्हणून बागवान ती छाटतो असं सांगतो. यावर उपदेश पुष्कळ होतात. दुःख म्हणजे देवाची छाटणी, सोसा, फळ येईल, असा त्यांचा सूर असतो. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यापुढे मात्र हा सूर लगेच तोकडा पडतो, कारण त्याच्याकडे छाटणी एक नसते. त्या दोन असतात आणि दोन्हींचं काम वेगळं.

पहिली एप्रिलची खरड छाटणी. माल निघून गेलेला, ऊन तापलेलं, आणि बागवान काड्या अगदी बुडाशी कापून टाकतो. बाग उघडी-बोडकी दिसते. या छाटणीतून घड घ्यायचाच नसतो, घ्यायची असते नवी काडी. नव्या फुटी निघाल्यावर साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसाच्या सुमारास त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होऊ लागतो. शेतकरी त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काहीच कळत नाही. डोळा नुसता डोळाच दिसतो. पण त्या दिवसांत फुटींची दाटी झाली, काडीवर ऊन पडलं नाही किंवा आभाळ सारखं भरून राहिलं, तर आतला घड अशक्त राहतो आणि पुढे जिरून त्याची नुसती बाळी होते. म्हणून फुटींची विरळणी आणि शेंडे खुडणं चालूच राहतं.

दुसरी ऑक्टोबरची, गोडी बहाराची छाटणी. तिच्या आधी कितीतरी शेतकरी काड्या तपासून घेतात. प्रयोगशाळेत डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहतात. त्याच्या पुढे कात्री लागते. कापणाऱ्याला फळ कुठे दडलं आहे हे ठाऊक असतं. छाटल्यावरही तो बाग सोडून जात नाही; पुढचे चार महिने पाणी, खत, फवारणी, विरळणी, रोज फेरी.

हे एकदा पाहिलं की योहानातला तो उतारा निराळा ऐकू येतो. आजारी सासऱ्यांच्या उशाशी वर्ष काढणाऱ्या सुनेला, नोकरी सुटून घरी बसलेल्या माणसाला, परीक्षेत अडकलेल्या मुलाला सांगण्यासारखं त्यात काही सापडतं. फळ नसलेला हंगाम हा शिक्षेचा असलाच पाहिजे असं नाही; एप्रिलची बागही तशीच दिसते. त्या दिवसांत काडीवर ऊन पडू द्यायचं असतं. म्हणजे रोजची प्रार्थना मोडायची नाही, माणसांत जाणं बंद करायचं नाही, नको ती कामं खुडून टाकायची. बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तोच उपदेशकाला समजावतो.

येशूच्या दाखल्यांत रानापेक्षा शेत जास्त आहे, हेही ध्यानात घेण्यासारखं. पेरणारा, निदण, मोहरी, अंजीर. जवळपास सगळीकडे कुणीतरी राबतं आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातलं अंजिराचं झाड तीन वर्षं फळाविना उभं असतं. मालक तोडायला सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागतो: भोवती खणतो, खत घालतो, मग बघू. पुरंदरच्या अंजीरवाल्याला यातली मशागत ओळखीची आहे. माळी नुसती दया मागत नाही, कामही अंगावर घेतो.

पण प्रत्येक गोष्टीतून धडा काढायची घाई करू नये. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली आणि काढणीला आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. त्या गारांमध्ये देवाने कोणता धडा ठेवला होता, हे सांगायला निघालेला माणूस ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण समजावणाऱ्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसतो. ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीस देव बोलतो तेव्हा तो डोंगरी बकऱ्या, शहामृग, कोणी राहत नाही अशा ओसाड भूमीवर पडणारा पाऊस दाखवतो. ईयोबाच्या दुःखाचं कारण त्यात कुठेच नाही. अशा वेळी उपदेशकाने शेतकऱ्याबरोबर बांधावर जावं, पंचनाम्याचे कागद लिहून द्यावेत आणि बोध राहू द्यावा.

उपदेशकाचं असं शेतकऱ्याबरोबर उभं राहणं वसईत आणखी एक पाऊल पुढे गेलं. तिथल्या ख्रिस्ती वाड्यांतून केळी, पानवेल आणि फुलं पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून इमारती वाढल्या, गावच्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, विहिरी खारावू लागल्या. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ते हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात उतरले, मोर्चे काढले, धमक्यांना तोंड दिलं. सृष्टीवर चिंतन लिहिणारा धर्मगुरू पाण्याच्या प्रश्नावर रस्त्यावर का येतो, असं तेव्हा काहींना वाटलं. त्यांच्यासाठी ही दोन कामं वेगळी नव्हतीच. ज्या विहिरीकाठी शोमरोनी बाईची गोष्ट मुलांना सांगायची, त्या विहिरीत गोडं पाणी राहावं म्हणून भांडायचं, हे त्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतं. आजही वसईत ज्यांच्या वाडीत पानवेल उरली आहे, तिथे जुनी वेल खाली घेऊन तिची वेटोळी मातीत गाडतात. उतरण म्हणतात तिला. गाडलेल्या पेरांना नव्या मुळ्या फुटतात, शेंडा पुन्हा वर चढतो. मातीत पडून मेल्यावर पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दाखला शिकवायचा असेल, तर धर्मशिक्षकाने मुलांना घेऊन उतरणीच्या दिवशी तिथे जावं आणि चार वेली त्यांच्याच हातांनी गाडू द्याव्यात.