मतदारसंघ जातो, मतदार राहतो

धरणात गाव बुडाले तर लोक हळहळतात, विहीर आटली तर तिच्या गोड पाण्याची आठवण काढतात. परंतु एखादा मतदारसंघ नाहीसा झाला तर त्याचे सुतक कोणी पाळीत नाही. वास्तविक ज्या नावाखाली बापाने व मुलाने मत दिले, ते नाव सरकारी कागदावरून निघून जाणे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नव्हे. आमच्या बीड जिल्ह्यात अशी दोन नावे एकाच वेळी गेली. त्यांची हकीकत वाचकांपुढे मांडावी, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे घाट चढून मांजरसुंबा लागते. येथून एक वाट पाटोद्याकडे फुटते, दुसरी केज-अंबाजोगाईकडे. जवळच कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधी असल्यामुळे यात्रेकरूंचीही वर्दळ असते. या फाट्यावर गाडीची वाट पाहत आम्ही अनेकदा तिष्ठलो आहो, आणि चार वाटांनी आलेल्या माणसांच्या गप्पा ऐकल्या आहेत. सोलापूरच्या अंगास आणखी पुढे गेले म्हणजे चौसाळा येते. या गावाच्या नावाने पूर्वी विधानसभेचा मतदारसंघ होता. आज फाट्यावरील एखाद्या तरुणापाशी त्याचे नाव काढावे, तर तो आपल्याकडे चमकून पाहतो. साठी उलटलेला गृहस्थ मात्र लगेच सरसावून बसतो.

मताचा अधिकारच मुळी या भागास उशिरा लाभला. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९५१-५२ साली, तीही हैदराबाद राज्यात. पुढे १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. आठ-नऊ वर्षांत राज्य दोनदा पालटले. अशा लोकांस आपल्या मतदारसंघाचे नाव हेच काय ते एक ठाव असल्यासारखे वाटू लागावे, यात नवल नाही.

दुसरे गेलेले नाव रेणापूर. हे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे. तथापि या मतदारसंघात परळीकडील मुलूख मोडत असल्याने त्याचा जीव बीड जिल्ह्यात गुंतला होता. १९८० साली येथून गोपीनाथ मुंडे प्रथम विधानसभेवर गेले. १९८५ साली याच मतदारांनी त्यांना पराभूत करून पंडितराव दौंड यांस निवडले. १९९० साली मुंडे पुन्हा आले. त्यानंतर १९९५, १९९९ व २००४ या तिन्ही निवडणुकांत त्यांनी ही जागा राखली. मधल्या काळात ते विरोधी पक्षनेते झाले, पुढे उपमुख्यमंत्रीही झाले. परंतु आमच्या दृष्टीने या सबंध इतिहासात १९८५ हे साल विशेष मोलाचे. एकदा दिलेले मत परत घेता येते, आणि परत घेतलेले पुन्हा देताही येते, हे एकाच मतदारसंघाने पाच-सहा वर्षांच्या आत दाखवून दिले. असा धडा गिरविण्यास मतदारसंघ तोच राहावा लागतो.

पुढे मतदारसंघांची फेररचना झाली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून नवी आखणी केली आणि २००८ साली ती अमलात आली. राज्याच्या २८८ जागा कायम राहिल्या. बीड जिल्ह्यात मात्र चौसाळा व रेणापूर ही नावे जाऊन परळी हे नवे आले. ही रचना अन्यायाची होती, असे आम्ही म्हणणार नाही. त्यापूर्वीच्या सीमा १९७१ च्या जनगणनेवर बेतलेल्या होत्या. तीस वर्षांत कोठे वस्ती वाढली, कोठे विरळ झाली. एका गावच्या मताचे वजन दुसऱ्या गावच्या मताहून कमी भरू लागले, तर तागडी पुन्हा जोखावीच लागते.

परंतु या स्थित्यंतरात पुढारी व मतदार यांची गत सारखी होत नाही. चौसाळ्याचे एके काळचे आमदार जयदत्त क्षीरसागर २००९ व २०१४ साली बीडमधून निवडून आले. मुंडे २००९ साली लोकसभेवर गेले आणि नव्या परळी मतदारसंघातून त्यांच्या कन्या पंकजा मुंडे विधानसभेत पोहोचल्या. यात गैर काही नाही. घर पडले म्हणजे माणूस दुसरे घर शोधतोच. मतदारास मात्र बिऱ्हाड हलविता येत नाही. त्याचा रस्ता, त्याचा तलाव, त्याची शाळा जेथल्या तेथेच असते. नव्या प्रतिनिधीपाशी तो जुन्या आश्वासनाचा विषय काढू लागला, तर ‘ते माझ्या आधीचे’ असे उत्तर त्यास मिळू शकते. वही बदलली म्हणून देणे फिटत नाही, हे आपल्याकडील प्रत्येक किराणा दुकानदार जाणतो. लोकशाहीत मात्र ही साधी गोष्ट विसरली जाते.

यावर आम्हांस एकच उपाय सुचतो, आणि तो घरातील आहे. आपल्या कुटुंबांतून मुलांच्या जन्मवेळा, मुंजी, लग्ने यांच्या तारखा जपून लिहिलेल्या असतात. त्याच वहीत एक पान या कामासही असावे. आपण कोणत्या मतदारसंघात मत दिले, कोण निवडून आले, गावास काय देऊ म्हणाले आणि त्यातले काय दिले, एवढ्या चार ओळी पुरेत. घरातील गृहिणीने त्या लिहिल्या तर अधिकच बरे. उधारी-उसनवारीचा हिशेब तिच्याइतका चोख कोणाचा असतो?

ही सूचना अगदीच अवेळी नव्हे. राज्याराज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत न बदलण्याचे ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरविले होते. म्हणजे नवी मोजणी झाली की नकाशावर पुन्हा रेघा ओढण्याचा प्रश्न उभा राहणारच. त्या वेळी आणखी कोणत्या गावाचे नाव जाईल आणि कोणत्या गावाचे येईल, हे आमच्या हातचे नाही. नवा उमेदवार मत मागण्यास दारी येईल तेव्हा त्याच्यापुढे ते पान उघडून ठेवणे एवढे मात्र आमच्या हातचे आहे.