हातचा एक, हासिल एक

मुनिरकात आमच्या शेजारी अकरावीतली एक मुलगी राहते. बायनरी बेरीज करताना ती पुटपुटते, "हासिल एक." हिंदीतला हा हासिल म्हणजे आपला हातचा. मला विचाराल तर आपला शब्द जास्त नेमका. घरात मांडायला जागा नाही, म्हणून हातात धरलेला आकडा!

हातचा कळला असेल तर तुम्हाला बायनरी अर्धी येतेच. आपल्या नेहमीच्या बेरजेत नऊच्या पुढे गेलं की हातचा येतो. बायनरीत आकडे दोनच, ० आणि १. त्यामुळे एकाच्या पुढे गेलं की लगेच हातचा. घरांची किंमतही दसपट न वाढता दुप्पट वाढते. उजवीकडून १, २, ४, ८, १६.

११ आणि ६ मिळवून बघा. ११ म्हणजे १०११ (८+२+१), ६ म्हणजे ०११०. उजवीकडून सुरू करा. पहिल्या घरात १ + ० = १. दुसऱ्यात १ + १ झाले दोन, पण दोन हा आकडाच नाही. म्हणून ० मांडा, हातचा १. तिसऱ्यात ० + १ आणि हातचा, परत ० मांडून हातचा १. चौथ्यातही तेच. उरलेला हातचा डावीकडे नव्या घरात. उत्तर १०००१, म्हणजे १६+१, सतरा. तीन एक एकत्र आले, तर १ मांडून हातचा १. गंमत म्हणजे दोन संख्यांच्या बेरजेत हातचा एकाहून मोठा कधीच होत नाही, आपल्या रोजच्या बेरजेतही नाही.

वहीत नवं घर आखता येतं, यंत्रात घरं ठरलेली असतात. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ घरांत मोजतात. त्यातलं सगळ्यात डावीकडचं घर अधिक-उणे चिन्हाचं. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, बाकीच्या ३१ घरांत सगळीकडे १ असेल. पुढच्या सेकंदाला एक मिळवला, की हातचा घरामागून घर ओलांडत थेट चिन्हाच्या घरात शिरेल. संख्या उणे होईल आणि घड्याळ १९०१ साल दाखवेल.

तुमच्या हातातल्या नव्या फोनची चिंता नको. ६४ घरं असली, की हातच्याला तिथवर पोचायला सुमारे २९२ अब्ज वर्षं लागतात. प्रश्न आहे तो कुठेतरी बसवून विसरलेल्या, कधीच अपडेट न झालेल्या जुन्या यंत्रांचा. ती २०३८ च्या आधी शोधून बदलावी लागतील.